आखाड्यातील अधर्म

कुस्ती म्हणजे काय हे वर्धा जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. देवळीचे रामदास तडस आखाड्यातून सार्वजनिक जीवनात आले आणि २०१४ व २०१९ साली वर्ध्यातून लोकसभेवर निवडून गेले, हे आपणांस ठाऊकच आहे. पण हल्ली आपली मुले तालमीतील कुस्तीइतक्याच आवडीने मोबाईलच्या पडद्यावर मिश्र युद्धकलेच्या झुंजी पाहतात. ठोसा, लाथ, कोपर, पकड, गळफास, सारेच तेथे चालते. त्यावरून पुष्कळांचा असा ग्रह होतो की, खरी झुंज नियमावाचूनच व्हावयाची. नियम हे दुबळ्यांसाठी. हा ग्रह तपासून पाहण्यासारखा आहे.

आरंभी त्या खेळाची जाहिरातही अशीच होती. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा चावणे, डोळ्यांत बोटे खुपसणे अशा मोजक्याच गोष्टी वर्ज्य होत्या. लोकांत ओरड झाली, कित्येक राज्यांनी बंदी घातली, आणि २००१ साली न्यू जर्सीत एकीकृत नियमावली ठरली. आज डोक्याने धडक देणे, केस ओढणे, जांघेत मारणे, एकेक बोट पिळणे, गळ्यावर, मानेच्या मागे वा कण्यावर प्रहार करणे, इतकेच नव्हे तर पिंजऱ्याची जाळी धरणेही निषिद्ध आहे. कोपर सरळ वरून खाली मारण्यावरची बंदी मात्र २०२४ साली उठली. नियम अनुभवाने बदलतात; पण नियमच नकोत, असे तेथेही आता कोणी म्हणत नाही.

या यादीत दोन तऱ्हेचे अपराध आहेत. दंड, छाती, मांड्या व्यायामाने कमावता येतात; डोळा, बोट, गळा कमावता येत नाही. त्यांच्यावर घाव घालणारा प्रतिस्पर्ध्याच्या बळाशी लढतच नाही, तो त्याच्या देहाच्या असहायतेचा फायदा घेतो. ही पहिली तऱ्हा. दुसरी तऱ्हा चोरीची. पडता पडता जाळी धरणारा, मॅटवरील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा पोशाख पकडणारा, दुखापतीचे सोंग करून दम घेणारा, हे सारे समोरच्याने कमावलेला डाव चोरतात. चावा चालू द्या, म्हणजे दहा वर्षांची मेहनत एका दाताने हरेल. मग तालमीत कोण जाईल? म्हणून नियम हा दुबळ्याचा आडोसा नव्हे. तो कौशल्याचा पाया आहे.

आपल्या पुराणकथेलाही हे ठाऊक आहे. गदायुद्धात नाभीखाली प्रहार करू नये, हा नियम मोडून भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली, तेव्हा बलराम संतापला. जय मिळाला, पण त्याला लागलेला बोल अजून पुसला गेलेला नाही.

उलट उदाहरण अलीकडचे आहे. ४ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत रवी दहियाने कझाकस्तानच्या नूरिस्लाम सानायेवला खाली दाबले असता त्याने दहियाच्या दंडाला कडकडून चावा घेतला. दहियाने ना पकड सोडली, ना उलट चावा घेतला. त्याने कुस्ती चीतपट केली.

पण अन्याय खुद्द निकालातच झाला असे वाटले तर? २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे याला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चीत ठरविण्यात आले. आपली पाठ टेकलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. रागाच्या भरात त्याने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. तक्रार खरी असो की खोटी, लाथ हे तिचे उत्तर नव्हे. याच्या शेजारी खाशाबा जाधवांना ठेवून पाहा. १९५२ साली हेलसिंकीत एका थकविणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना विश्रांती न देता पुन्हा उतरविण्यात आले. नियमाने मिळणारी विश्रांती मागावयास भारताचा अधिकारीही तेथे नव्हता, अशी हकिगत सांगतात. तरी ते लढले आणि कांस्यपदक घेऊन परतले. यावरून दुहेरी बोध घ्यावा. मल्लाने हात आवरावा हे खरे. पण त्याची बाजू नियमाने मांडणारा जाणता माणूस त्याच्या पाठीशी असलाच पाहिजे. तो नसेल, तर सारा संयम एकट्या मल्लाकडून मागणे हाही अन्यायच.

उरतो आपण प्रेक्षक. पंचाला दोन डोळे, आपल्याला हजार. पुढच्या दंगलीत आपल्या गावच्या पोराने लबाडीने कुस्ती मारली, तर टाळी वाजवू नका. त्या एका शांततेने तो जे शिकेल, ते पंचाच्या शिट्टीने शिकणार नाही.