कौलारू छपराच्या सामग्रीचा अंदाज

घराचे छप्पर शाकारण्यासाठी लागणारी कौले, रिपा, वासे, आढ्याची कौले व त्रिकोणी भाग बंद करण्याच्या फळ्या यांचे परिमाण बांधकामापूर्वी गणिताने ठरविण्याची ही रीत आहे. छपराचे आच्छादन एकावर एक चढविलेल्या तुकड्यांचे असते. त्यामुळे प्रत्येक तुकड्याचा काही भाग दुसऱ्याखाली दडतो आणि पाणी अडविण्याचे कार्य याच दडलेल्या भागामुळे साधते. म्हणून अंदाज तुकड्याच्या पूर्ण मापावर न काढता त्याच्या ‘झाकणाऱ्या’ मापावर काढावा लागतो. हे या विषयातील मूलतत्त्व होय.

कोकणात या अंदाजाला विशेष महत्त्व आहे. पावसाळा बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतो. छप्पर उघडे असताना कौले कमी पडल्यास भिंती, लाकूडकाम व साठविलेले धान्य यांची हानी होते. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ आदळले. पाऊस तोंडावर आलेला असतानाच असंख्य घरांना एकाच वेळी कौले व पत्रे यांची गरज भासली. अशा प्रसंगी नेमकी संख्या माहीत असणे हेच निम्मे काम असते. पनवेल तालुक्यात सिडकोने (स्थापना १९७०) वसविलेल्या नवीन पनवेलसारख्या वसाहतींत सपाट काँक्रीटची छपरे प्रचलित असली, तरी परिसरातील खेडी व शेतघरे यांत उतरत्या छपरांची परंपरा टिकून आहे.

कौलांचे प्रकार : पूर्वापार वापरातील नळीची कौले अर्धगोल असून ती आळीपाळीने उताणी व पालथी मांडतात. त्यांचा आकार कुंभारागणिक बदलतो. त्यामुळे एक चौ. मीटर जागेत ती प्रत्यक्ष मांडून व मोजूनच अंदाज घेणे इष्ट असते. मंगळूरी कौले यंत्रावर दाबून तयार करतात. त्यांच्या कडांना खाचा असून शेजारची कौले एकमेकांत बसतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे अशा कौलांचा कारखाना काढला व पुढे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र रूढ झाली. भारतीय मानकानुसार त्यांची लांबी ४१ ते ४२.५ सेंमी. व रुंदी २३.५ ते २६ सेंमी. असते.

छपराचे क्षेत्रफळ : जमिनीवरील क्षेत्रफळ व छपराचे क्षेत्रफळ एक नसते. भिंतीबाहेर काढलेली वळचण प्रथम मोजमापात मिळवावी लागते. नंतर आलेल्या आडव्या क्षेत्रफळास उताराच्या गुणकाने गुणतात. दोन मीटर आडव्या अंतरास एक मीटर चढ असल्यास हा गुणक १.११८, ३०° उतारास १.१५५ व ४५° उतारास १.४१४ असतो. सर्व पाख्यांचा उतार सारखा असेल, तर दोपाखी व चौपाखी छपरांचे क्षेत्रफळ एकच येते. मात्र चौपाखी छपरात तिरप्या कडांवर कौले कापावी लागतात. परिणामी नासधूस वाढते आणि त्या कडा झाकण्यासाठी जादा आढ्याची कौले लागतात.

उदाहरण : भिंतींच्या बाहेरून ९ मी. लांब व ६ मी. रुंद असे घर घेऊ. लांबीच्या दोन्ही टोकांस ०.५ मी. आणि रुंदीच्या दोन्ही बाजूंस ०.६ मी. वळचण ठेवली, तर छपराची लांबी १० मी. व आडवी रुंदी ७.२ मी. होते. ३०° उतार असता एका पाख्याची तिरकस लांबी ३.६ × १.१५५ = ४.१६ मी. येते. दोन्ही पाख्यांचे क्षेत्रफळ सु. ८३ चौ.मी. भरते.

४१ × २३.५ सेंमी. कौलाचा लांबीत ९ व रुंदीत ३ सेंमी. भाग दडतो असे धरल्यास त्याचे झाकणारे माप ३२ × २०.५ सेंमी. होते. एका पाख्यावर १३ ओळी व प्रत्येक ओळीत ४९ कौले, म्हणजे ६३७ कौले बसतात. दोन पाख्यांची मिळून १,२७४ कौले झाली. वाहतूक व चढउतार यांत होणाऱ्या मोडतोडीसाठी ५ टक्के धरून १,३४० कौले मागवावीत. या मापाने एक चौ. मीटरास सु. १५ व एक ब्रासला (१०० चौ. फूट) सु. १४२ कौले पडतात.

हाच हिशेब भिंतींमधील ५४ चौ.मी. क्षेत्रफळ आणि कौलाचे पूर्ण माप घेऊन केल्यास उत्तर केवळ ५६० येते. वळचण, उतार व दडलेला भाग या तीन गोष्टी वगळल्याने निम्म्याहून अधिक छप्पर उघडे राहील.

रिपा, वासे व आढे : कौलाच्या पाठीवरील उंचवटा रिपेवर अडकतो. म्हणून रिपांतील अंतर कौलाच्या झाकणाऱ्या लांबीइतकेच ठेवतात. प्रत्येक पाख्यास १३ व वळचणीशी एक जादा अशा १४ रिपा धरल्यास दोन्ही पाख्यांस २८० मी. रीप लागते. सांधे व तोड यांसाठी ५ टक्के मिळवून २९४ मी. होते. ५ × २.५ सेंमी. छेदाच्या रिपेसाठी हे लाकूड सु. ०.३७ घ.मी. (सु. १३ घनफूट) भरते. ५० सेंमी. अंतरावर वासे लावल्यास एका पाख्यास २१, म्हणजे एकूण ४२ वासे लागतात. आढ्याच्या कौलाची झाकणारी लांबी ३५ सेंमी. असल्यास १० मी. आढ्यास २९ कौले पुरतात. एका कौलाचे वजन अडीच किग्रॅ. धरल्यास छपरावरील कौलांचा भार ३ टनांहून अधिक होतो. भिजल्यावर तो आणखी वाढतो. वाशांचा छेद ठरविताना हे ध्यानात घ्यावे लागते.

त्रिकोणी भागांवरील फळ्या : दोपाखी घराच्या दोन्ही टोकांस भिंतीवर उरणारा त्रिकोणी भाग झडीपासून राखण्यासाठी आडव्या फळ्यांनी झाकता येतो. वरची फळी खालचीवर चढवितात. वरील घरात प्रत्येक त्रिकोणाची उंची १.७३ मी. व दोहोंचे क्षेत्रफळ १०.४ चौ.मी. आहे. १५ सेंमी. रुंद फळीचे ३ सेंमी. दडल्यास १२ सेंमी. झाकणारी रुंदी उरते व सु. ८७ मी. फळी लागते. तिरप्या कापणीत जाणाऱ्या तुकड्यांसाठी १५ टक्के मिळविता १०० मी. फळी मागवावी. दडलेला भाग न धरल्यास हाच आकडा ६९ मी. येतो. खिळा वरच्या फळीतून, खालच्या फळीच्या कडेच्या किंचित वर ठोकतात. एकाच खिळ्याने दोन्ही फळ्या जखडल्यास पावसात फुगताना व उन्हात आकसताना त्या चिरतात. पन्हळी पत्र्यांचा अंदाजही झाकणाऱ्या रुंदीवरच काढतात.

अतिरिक्त साठा : निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसतीलच असे नाही. यासाठी सर्व कौले एकाच कारखान्याची घेऊन उरलेली जपून ठेवतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या शाकारणीत फुटकी कौले बदलण्यासाठी हा साठा उपयोगी पडतो.