मुखदूषिका आणि उजळपणाची नळी

नवेगांव-नागझिऱ्याच्या रानांतील सावरीचें झाड पाहिलें नाहीं असा मनुष्य आमच्या कोहमारा भागांत विरळा. तिच्या कोवळ्या बुंध्यावर तळाशीं रुंद व टोंकाशीं तीक्ष्ण असे जे कांटे असतात, त्यांचीच उपमा सुश्रुताचार्यांनीं तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या पुटकुळ्यांस दिली आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतील तेराव्या अध्यायांत, क्षुद्ररोगांच्या मालिकेंत, हा विकार ‘मुखदूषिका’ या नांवानें येतो. कफ, वात व रक्त हीं त्याचीं कारणें सांगितलीं आहेत. आणि चिकित्सास्थानांत त्यावर वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सुचविला आहे. ‘क्षुद्र’ हें विशेषण ग्रंथकारांचें. जिला पंधरा दिवसांनीं ‘पाहावयास’ मंडळी येणार आहेत त्या मुलीस, किंवा तिच्या आईस, हा विकार क्षुद्र वाटत नाहीं. आणि प्रस्तुत लेखाचें प्रयोजनही तेंच आहे.

आधुनिक वैद्यकाचें निदान असें कीं, वयांत येतांना शरीरांतील कांहीं अंतःस्राव वाढतात व त्यांच्या प्रेरणेनें त्वचेंतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवूं लागतात. केसाच्या मुळाशीं असलेलें सूक्ष्म छिद्र मृत पेशींनीं बुजतें, तेल आंत साठतें, तेथें नित्य वसणारे जंतू माजतात आणि भोंवतालीं दाह होतो. म्हणजे हा विकार धुवून जाणारा मळ नव्हे. दिवसांतून दहा वेळां साबणानें तोंड घासणाऱ्या मुलाचें तोंड अधिकच लाल होतें, हें ज्यांच्या घरांत पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे त्यांनीं पाहिलेंच असेल.

बुजलेलें छिद्र मोकळें करण्याची किल्ली १९६९ सालीं हातीं आली. अमेरिकेंतील क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनीं अ-जीवनसत्त्वापासून होणाऱ्या ट्रेटिनॉइन नामक आम्लाचा लेप मुरुमांवर गुणकारी ठरतो असें प्रसिद्ध केलें. पुढें १९७९ सालीं पेक व त्यांचे सहकारी यांनीं त्याच कुळांतील आयसोट्रेटिनॉइन पोटांत देऊन अतितीव्र प्रकारचा विकारही बरा होतो असें दाखविलें. मात्र हें दुसरें औषध गर्भास अत्यंत घातक आहे. विवाहित स्त्रीनें तें डॉक्टरांच्या देखरेखीवांचून कदापि घेऊं नये. जंतूंवर बेंझॉइल पेरॉक्साइडचा लेप चालतो. हीं सर्व औषधें खरीं, पण मंद. गुण दिसावयास दोन-तीन महिने लागतात, आणि आरंभीचे कांहीं आठवडे तर त्वचा सोलते, चुरचुरते व रोग वाढल्यासारखें वाटतें. येथेंच घरांतील वडील मंडळींचा धीर सुटतो.

रोझेशिया या दुसऱ्या विकाराविषयीं थोडक्यांत सांगतों. हा बहुधा तिशीनंतरचा. नाक व गाल यांवर लाली राहते, बारीक रक्तवाहिन्या दिसूं लागतात; ऊन, उष्णता व तिखट पदार्थ यांनीं तो भडकतो. गोऱ्या कातडीवर तो सहज ओळखतां येतो. आपल्या सांवळ्या वर्णांत लाली लपते, म्हणून त्यास मुरूमच समजलें जातें. त्यावर मेट्रोनिडाझोलचा, व अलीकडे आयव्हरमेक्टिनचा लेप वापरतात.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १९५२ सालीं सल्झबर्जर व विटन या दोघांनीं हायड्रोकॉर्टिझोनचें मलम कांहीं त्वचारोगांवर लावून पाहिलें आणि इसबासारख्या दुःखद विकारांस मोठाच उतार पडतो असें आढळलें. स्टेरॉइड वर्गांतील हें औषध म्हणजे वरदानच होतें, आणि योग्य जागीं तें आजही तसेंच आहे. लवकरच त्याहून कैक पटींनीं प्रबळ अशीं मलमें निघालीं. त्यांचा जोर मोजावा कसा? १९६२ सालीं मॅकेंझी व स्टाऊटन यांनीं युक्ति काढली. औषध हाताच्या कातडीवर लावावें. रक्तवाहिन्या आकुंचित होऊन कातडी जितकी पांढुरकी पडेल तितकें औषध प्रबळ. वाचकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. ज्या पांढुरकेपणावरून शास्त्रज्ञ औषधाचा जोर मोजतात, तोच आपल्या घरांत आठ दिवसांत आलेला ‘उजळपणा’ म्हणून वाखाणला जातो!

हा उजळपणा उसना असतो. कांहीं आठवड्यांत त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या कायमच्या फुगूं लागतात, हनुवटीवर लव दाट होते आणि नवे मुरूम येतात. मलम थांबविलें कीं तोंड लाल होऊन आग करूं लागतें. म्हणून तें पुन्हां लावलें जातें, आणि व्यसनासारखें चक्र सुरू होतें. रोझेशियासारख्या या लालीचें वर्णन लेडन, क्लिगमन प्रभृतींनीं १९७४ सालींच केलें होतें. परंतु १९७५ सालीं त्याच क्लिगमननें विलिसबरोबर तोंडावरील वांगासाठीं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांचें मिश्रण सुचविलें. त्याच धर्तीचीं मिश्रणें, थोड्या दिवसांकरितां व वैद्याच्या नजरेखालीं वापरावयाचीं असतां, आपल्याकडे सर्रास गोरेपणाचीं मलमें म्हणून खपलीं.

किती खपलीं याचा अंदाज २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीवरून येतो. देशांतील १२ केंद्रांत तोंडाच्या विकारांसाठीं आलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकीं ४३३ जण स्टेरॉइड लावीत होते, आणि त्यांतील ३९२ जणांस अपाय झाला होता. अपायांत मुरुमांचा क्रम पहिला. म्हणजे ज्या विकारासाठीं अनेकांनीं नळी आणली तोच तिनें वाढविला. २५७ जणांस हें औषध डॉक्टरानें दिलेंच नव्हतें, इतर कोणी सांगितलें होतें. आणि १२६ जण तें केवळ उजळ दिसण्यासाठीं किंवा दाढीनंतर लावावयाचें मलम म्हणून वापरीत होते. हें वाचून एकत्र कुटुंबांतील आरशापुढची फळी डोळ्यांपुढें येते. नळी सूनबाईंनीं आणावी, ती नणंदेनें उचलावी, आणि दाढी झाल्यावर धाकट्या दिरानेंही तींतलें बोटभर घ्यावें. ‘वधू गोरी पाहिजे’ असें छापून मागणारे आम्हीच. दुकानदारास एकट्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

कायदाही उशिरां जागा झाला. मार्च २०१८ मध्यें केंद्र सरकारनें बाहेरून लावावयाच्या १४ स्टेरॉइड औषधांस डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकावयाचीं नाहींत अशा यादींत घातलें. तरी यादी निराळी आणि दुकानाचा गल्ला निराळा. कोहमाऱ्याच्या नाक्यावरून त्वचारोगतज्ज्ञ गाठावयाचा तर गोंदिया किंवा नागपूर. नळी मात्र कोठेंही हातीं लागते. धानाच्या बांधींत दिवसभर उभें राहणाऱ्यांच्या जांघेंत नायटा होतो, त्यावरही हींच मिश्र मलमें लावतात. त्यामुळें खाज थांबते आणि बुरशी आंतल्या आंत पसरते. २०२० सालीं निराळी जात म्हणून ओळखल्या गेलेल्या नायट्याच्या एका बुरशीच्या नांवांतच हिंदुस्थानचें नांव गोंवलें आहे, आणि तिच्या कांहीं वाणांवर टर्बिनाफिन हें नेहमींचें औषध चालेनासें झालें आहे.

स्टेरॉइड नसलेलें प्रत्येक मलम निर्धोक असतें असेंही नव्हे. २०२३ च्या आरंभीं वृत्तपत्रांत आलेली अकोल्याची हकीकत पुष्कळांस स्मरत असेल. एका घरांतील आई व दोन मुली एकच उजळपणाचें मलम लावीत. तिघींच्याही मूत्रपिंडांस विकार झाला, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयांत शोध घेतां मलमांत पारा सांपडला. केरळांतील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले. पैकीं १५ जणांत रोगाची जी खूण आढळली, ती असणाऱ्या १३ जणांनीं अशीं मलमें लावल्याचें सांगितलें.

घरांतील नळी कोणत्या जातीची हें ओळखणें अवघड नाहीं. वेष्टनावरील बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकीं एखादें नांव दिसलें कीं ती स्टेरॉइडची समजावी. ज्या डबीवर घटक, कारखाना व परवाना यांचा पत्ताच नाहीं ती घरांत ठेवूं नये. बरेच महिने लावलेलें स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनानें एकदम बंद करूं नये. डॉक्टर कित्येकदां तें सौम्य करीत करीत सोडवितात, मध्यंतरीं येणाऱ्या लालीवर व आगीवर निराळें औषध देतात, आणि उन्हापासून तोंड जपावयास सांगतात. पूर्ववत् होण्यास आठवडे, प्रसंगीं महिनेही लागतात. ‘पाहण्याचा’ दिवस त्यापूर्वीं येत असेल तर तो पुढें ढकलावा. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे. तेथें किंवा अन्यत्र जातांना आजवर लावलेल्या सर्व नळ्या, रिकाम्या झालेल्याही, बरोबर न्याव्या, कारण निम्में निदान त्यांच्या वेष्टनावर लिहिलेलें असतें.