इंजिन बदलल्यानंतर मोटार का अडखळते? इंधनपुरवठ्यातील दोषाचा क्रमवार शोध

जुन्या मोटारीचे झिजलेले इंजिन उतरवून त्या जागी दुसरे बसविण्याचे काम देशातील अनेक गॅरेजांमध्ये केले जाते. बसविलेले इंजिन सुस्थितीत असूनही मोटार सुरू होत नाही, सुरू होऊन लगेच बंद पडते किंवा चढावर तिचा जोर ओसरतो, असा अनुभव मात्र काही वेळा येतो. अशा वेळी नव्या इंजिनाला दोष देण्यापूर्वी टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा इंधनमार्ग तपासणे आवश्यक ठरते, कारण इंजिन बदलले तरी हा मार्ग पुष्कळदा जुनाच राहिलेला असतो.

मारुती ८०० या मोटारीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तिच्या जुन्या आवृत्तीत कार्ब्युरेटर होता आणि इंजिनाच्या गतीवर चालणारा यांत्रिक पंप त्याला पेट्रोल पुरवीत असे. राजधानी परिसरात १९९९ आणि २००० मध्ये प्रदूषणाचे कठोर निकष लागू झाले आणि त्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरद्वारे इंधन फवारणारी प्रणाली, सर्वत्र रुजू लागली. कार्ब्युरेटरला साधारण ०.२ ते ०.३ बार इतका दाब पुरतो, तर एमपीएफआय इंजिनाला सुमारे ३ बार, म्हणजे दहापट किंवा त्याहून अधिक दाब लागतो. त्यामुळे जुन्या मोटारीत एमपीएफआय इंजिन बसविताना टाकीतील विजेचा पंप, जास्त दाब सोसणाऱ्या नळ्या आणि योग्य फिल्टर यांचीही जोड द्यावी लागते. उलटपक्षी, एमपीएफआयचा पंप कार्ब्युरेटरला थेट जोडल्यास त्यातील सुईची झडप तो दाब रोखू शकत नाही आणि पेट्रोल ओसंडून वाहते.

तपासणीचा प्रारंभ सोप्या गोष्टींपासून करावा. टाकीत पेट्रोल असल्याची प्रत्यक्ष खात्री करावी, कारण बदललेल्या वायरिंगमुळे काटा चुकीचे प्रमाण दाखवू शकतो. स्पार्क प्लगला ठिणगी मिळते का, हेही पाहावे. त्यानंतर चावी फिरवून कान द्यावा. बहुतेक एमपीएफआय मोटारींत पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो व थांबतो. आवाजच आला नाही, तर फ्यूज, रिले आणि अर्थिंग तपासावे. पंप सुरुवातीला चालतो, परंतु स्टार्टर फिरत असताना चालत नाही, असे आढळल्यास इंजिन फिरत असल्याचा संकेत संगणकापर्यंत पोहोचत नसण्याची शक्यता असते. अशा स्थितीत क्रँक सेन्सरची जोडणी पाहावी. चोरीप्रतिबंधक इमोबिलायझर जुळत नसल्यासही इंजिन सुरू होत नाही किंवा सुरू होताच बंद पडते.

पंप चालतो, एवढ्यावरून पुरवठा पुरेसा आहे असे ठरत नाही. बारीक किंवा गंजलेल्या वायरमुळे बॅटरीत १२ व्होल्ट असतानाही पंपाला त्याहून बरेच कमी मिळू शकतात. म्हणून पंप चालू असतानाच त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. त्यानंतर प्रेशर गेज लावून दाब पाहावा. दाब आरंभापासूनच कमी असेल, तर पंप, फिल्टर किंवा रेग्युलेटर संशयास्पद ठरतो. रिकाम्या गतीवर दाब योग्य असून भार पडताच घसरत असेल, तर तुंबलेला फिल्टर, टाकीतील जाळी किंवा दुमडलेली नळी हे कारण संभवते. दाब प्रमाणाबाहेर असेल आणि काळा धूर येत असेल, तर टाकीकडे परतणारी नळी तुंबली आहे का, अथवा पुरवठ्याची व परतीची नळी उलटसुलट जोडली गेली आहे का, हे पाहावे. काही प्रणालींत रेग्युलेटर टाकीत, तर काहींत इंजिनावर असतो. भिन्न मोटारींचे भाग एकत्र आणताना तो दोन्हीकडे सुटून जाण्याचा धोका असतो. दाब योग्य असूनही इंजिन सुरू न झाल्यास इंजेक्टरला विद्युत संकेत मिळतो का, हे तपासावे.

या कामात सुरक्षिततेला पर्याय नाही. बंद मोटारीच्या नळीतही दाब शिल्लक असतो. तो उतरविल्याशिवाय आणि बॅटरीची ऋण तार सोडल्याशिवाय जोड उघडू नये. काम मोकळ्या हवेत करावे व अग्निशामक जवळ ठेवावे. कार्ब्युरेटरच्या काळातील रबरी नळी ३ बार दाबाखाली फुटून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडू शकते. देशात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा वापर सर्वदूर पोहोचला असल्याने जुन्या नळ्या व रबरी सील बदलून घेणे हितावह ठरते.

अखेरचा मुद्दा कायद्याचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. नोंदणी प्रमाणपत्रात इंजिनाचा क्रमांक नमूद असतो, म्हणून इंजिन खरेदी करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी आणि बदलाची माहिती विमा कंपनीलाही द्यावी. अन्यथा, दोष दूर होऊन मोटार सुरळीत धावू लागली, तरी अपघातानंतर भरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो.