80 गुणांचे अंतर

बुद्धिबळात दोन खेळाडूंच्या ताकदीतला फरक एलो गुणांकनाने मोजतात. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बसवलेली ही पद्धत जागतिक संघटना ‘फिडे’ने 1970 मध्ये स्वीकारली. एकाच डावात कोण जिंकेल हे गुणांकन सांगत नाही; बरेच डाव झाले तर कोणाच्या वाट्याला किती गुण येतील, एवढाच अंदाज ते देते.

विषम जोड्या सर्वाधिक जुळतात खुल्या स्पर्धांत. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. शंभर खेळाडू असतील तर पहिल्याची गाठ एक्कावन्नाव्याशी. समजा, नेरूळच्या एखाद्या स्पर्धेत 1500 गुणांकनाचा शाळकरी मुलगा 1900 च्या प्रौढ खेळाडूसमोर बसला. 400 गुणांच्या या फरकात वरच्या खेळाडूने शंभर डावांत 92 गुण मिळवणे अपेक्षित असते. एका डावाने गुणांकन किती हलू शकते हे ठरवणारा गुणक अशा मुलासाठी 40 असतो. म्हणून हरल्यास त्याचे जेमतेम तीन गुण जातात, जिंकल्यास जवळपास 37 मिळतात. प्रौढाचा गुणक 20. हरल्यास त्याचे सुमारे 18 गुण जातात. दडपण मोठ्याच्या बाजूला अधिक असते ते यामुळेच.

वरच्या पातळीवर फरक कमी असतो, पण हिशेब तोच. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख आणि 38 वर्षांची कोनेरू हम्पी समोरासमोर आल्या. दिव्याचे गुणांकन 2463, हम्पीचे 2543. 80 गुणांच्या या फरकात हम्पीकडून शंभरात 61 गुणांची अपेक्षा होती. क्लासिकल पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. दोघींचाही गुणक 10 असल्याने प्रत्येक बरोबरीने दिव्याच्या खात्यात एक गुण आणि वर थोडा अंश जमा झाला, हम्पीचा तेवढाच घटला.

निकाल लागला 28 जुलैला, जलद डावांत. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या दिव्याने, घड्याळाचा काटा दोघींनाही टोचत असताना, हम्पीच्या चुकीचा फायदा उठवला आणि डाव जिंकला. पंधरावे मानांकन घेऊन आलेली ही खेळाडू अंतिम फेरीपर्यंत पोहोचताना दुसऱ्या मानांकनाच्या झू जिनरला आणि माजी जगज्जेत्या तान झोंगयीलाही हरवून आली होती.

ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन निकष आणि 2500 गुणांकन लागते. विश्वचषक विजेतीला मात्र हा किताब थेट मिळतो. त्या नियमाने दिव्या भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली.