सत्तेचाळीस टॅक

दोरी सोडायची कधी, एवढं शिकायला मला ऑक्टोबर ते मे असा आख्खा हंगाम लागला. मुंबई बंदरात पाच जणांच्या एका शर्यतीच्या होडीवर पुढच्या शिडाचं, म्हणजे जिबचं, काम माझ्याकडे होतं. या शिडाला दोन दोऱ्या असतात, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. त्यांना शीट म्हणतात. नवा माणूस हमखास शीट म्हणजे कापड समजतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच शिडाची होडी जात नाही. तिला तिरकं तिरकं, नागमोडी वर चढावं लागतं आणि प्रत्येक वळणावर शिडं एका बाजूची दुसऱ्या बाजूला घ्यावी लागतात. या वळणाला टॅक म्हणतात. सुकाणूवरचा माणूस विचारतो, "रेडी?" आपण "रेडी" म्हणायचं. पुढच्या काही सेकंदांत होडी काय कमावते आणि काय घालवते ते ठरतं.

नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळू लागते. विंच या दोरी आवळायच्या फिरत्या पिपाभोवती दोरीचे तीन वळसे, आणि दोरी तारेसारखी ताणलेली. शिडाची पुढची कड थरथरली, वारा पलीकडून आत शिरला, की त्याच क्षणी वळसे वर उचलून फेकायचे. आधी सोडलं तर होडीचा जोर जातो. उशीर झाला तर शीड उलटं फुगतं आणि होडीला मागे ढकलतं. पलीकडचा सोबती ढिली दोरी हातावर हात टाकत खेचत असतो. शिडात वारा भरायच्या आत जेवढी आली तेवढी सहज येते. एकदा वारा भरला की पुढची प्रत्येक वीत हँडल फिरवून, खांद्याच्या जोरावर मिळवावी लागते.

जानेवारीतल्या एका शनिवारी घाईत माझ्या हातून वळसे एकमेकांवर चढले आणि दोरी विंचवर घट्ट अडकली. ओढताही येईना, सोडताही येईना. होडी कलंडली, मागच्या दोन होड्या पुढे निघून गेल्या. आमच्याबरोबर दाभोळकडचे एक तांडेलमामा असत. दोरी सुटल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाय, दोरीकडं बघू नको. शिडाकडं बघ." त्यानंतर माझ्या हातून वळसे चढले नाहीत.

'विंड' हा सिनेमा मी त्या हंगामानंतर पाहिला आणि तो मला एकदम आपला वाटला. १९९२चा हा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक कॅरल बॅलार्ड, ज्यांनी आधी 'द ब्लॅक स्टॅलियन' केला होता. छायाचित्रकार जॉन टोल. पुढे 'लेजंड्स ऑफ द फॉल' आणि 'ब्रेव्हहार्ट'साठी लागोपाठ दोन ऑस्कर मिळवणारे. विषय अमेरिकाज् कप ही शिडाच्या होड्यांची शर्यत. विल पार्कर हा तरुण खलाशी मोठ्या संघात निवडला जातो, कप ऑस्ट्रेलियाला हरतो आणि मग नवी होडी बांधून तो परत आणायला निघतो. कथेत प्रेम आहे, विरह आहे, पुन्हा भेट आहे. हा सगळा भाग मला बेताचाच वाटला. किनाऱ्यावर आल्यावर पात्रं कमी आणि संवाद जास्त होतात. पण होड्या पाण्यात उतरल्या की सिनेमा दुसऱ्याच माणसाने काढल्यासारखा वाटतो. होड्या खऱ्या, समुद्र खरा, आणि कॅमेरा थेट खलाशांमध्ये बसलेला.

या होड्या बारा मीटर वर्गाच्या. बारा मीटर ही लांबी नव्हे. लांबी साधारण वीस मीटर असते. लांबी, शिडाचं क्षेत्रफळ, पाण्यावरची उंची वगैरे एका सूत्रात घालून २.३७ने भागायचं आणि उत्तर बाराच्या वर जाऊ द्यायचं नाही, असा तो नियम. लांबी वाढवली तर शीड कापा, शीड वाढवलं तर लांबी सोडा. वीसेक टनांहून जड अशा या धुडावर अकरा माणसं. मधोमध कमरेएवढे खांब, त्यांना दोन्ही बाजूंनी सायकलच्या पायडलसारखे दांडे. समोरासमोर उभे राहून दोघांनी ते हातांनी फिरवायचे, की खालच्या गिअरमधून विंच फिरतो आणि दोरी आत येते. हे काम करणारे ते ग्राइंडर. त्यांना शर्यत दिसतच नाही. मान खाली, अंगावर लाट, समोर फक्त जोडीदाराचं डोकं. 'विंड'मध्ये कॅमेरा त्यांच्या हातांच्या उंचीवर उतरतो, आणि मला तिथे ओल्या दोरीचा वासही आला.

कथेमागची खरी शर्यत १९८३ची. अमेरिकेतल्या न्यूपोर्टला यजमानांची 'लिबर्टी' आणि 'ऑस्ट्रेलिया टू' यांच्यात सामने ३-३ झाले होते. ऑस्ट्रेलियाच्या होडीला बेन लेक्सेन यांनी पंखवाला कील, म्हणजे होडीच्या तळाचा जड कणा, बसवला होता आणि होडी पाण्याबाहेर काढली की तो कापडाने झाकून ठेवत. २६ सप्टेंबरच्या सातव्या शर्यतीत डेनिस कॉनर यांची 'लिबर्टी' पाचव्या टप्प्याच्या सुरुवातीला ५७ सेकंदांनी पुढे होती. वारा पाठीशी घेऊन जायच्या त्या टप्प्यात ऑस्ट्रेलियाला चांगला वारा मिळाला आणि ती पुढे गेली. शेवटच्या टप्प्यात तिला चकवण्यासाठी कॉनर यांनी ४७ वेळा टॅक केला. ऑस्ट्रेलिया ४१ सेकंदांनी जिंकली. १८५१पासून, म्हणजे १३२ वर्षं, अमेरिकेकडे असलेला कप गेला.

त्या शर्यतीचा विषय निघाला की लोक कीलबद्दल बोलतात. मी सत्तेचाळीस हा आकडा वाचला तेव्हा तळहात आपोआप मिटले. आमच्या होडीवर एका शर्यतीत पंधरा टॅक झाले की दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलवत नसे, आणि आमचं जिब त्यांच्या शिडापुढे चादरीएवढं. त्या ग्राइंडरांनी आपण हरतोय हे कळत असताना सत्तेचाळीस वेळा ते दांडे पहिल्याइतक्याच जोरात फिरवले.

सिनेमातला परतीचा सामना ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळच्या फ्रीमँटलचा आहे. तो वारा आपल्याला शाळेपासून माहीत आहे: खारे वारे. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत घुसते. पर्थमध्ये उन्हाळ्यात हा वारा इतका हमखास आणि इतका सुखाचा असतो, की लोक त्याला फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात. आपल्याकडे तोच वारा वायव्येकडून, कुलाब्याच्या इमारतींवरून बंदरात उतरतो, म्हणून झटक्याझटक्याने येतो. तिकडे तो मोकळ्या समुद्रावरून सरळ अंगावर येतो, सोबत लाटा घेऊन. फेब्रुवारी १९८७मध्ये कॉनर यांनी तिथेच 'कुकाबरा थ्री'ला ४-० हरवून कप परत नेला.

केटबद्दल लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. जेनिफर ग्रे यांनी केलेली केट विलपेक्षा वारा जास्त ओळखते, तरीही पहिल्या संघातून तिला वगळतात, ती स्त्री आहे म्हणून. हे मी ओळखते. माझ्या दुसऱ्या हंगामात एका होडीवर मला सांगितलं गेलं होतं, की तू कडेला वजन म्हणून बस, दोऱ्या मुलं बघतील. मी चार शर्यती वजन म्हणून बसले. पाचव्या दिवशी एक मुलगा आला नाही आणि विंच माझ्याकडे आला; पुढे तो माझ्याकडेच राहिला. 'विंड'नंतर तीनच वर्षांनी, १९९५मध्ये, 'मायटी मेरी' ही होडी जवळजवळ सगळ्या स्त्रियांच्या संघाने अमेरिकाज् कपच्या निवड फेऱ्यांत उतरवली. जिब ओढायला किती ताकद लागते यापेक्षा दोरी कधी सोडायची हे कळणं मोठं, हे त्या बायकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

'विंड' मिळाला तर जरूर बघा, किनाऱ्यावरचे प्रसंग पुढे ढकलले तरी चालेल. आणि मुंबईत असाल तर पावसाळा संपल्यावर एखाद्या शनिवारी किंवा रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला गेटवेजवळच्या कठड्यावर उभे राहा. शिडं दिसली तर पुढे कोण आहे ते नंतर बघा. आधी एखादी होडी वळताना दोरी कोण सोडतंय तेवढं बघा.