मॉरिशस : हनिमूनच्या पलीकडे!

ऑफिस सुटलं की बिबवेवाडीतल्या रसवंतीवर आमचा अड्डा जमतो. परवा एक मित्र हनिमूनसाठी मॉरिशस फायनल करूनच आला. म्हटलं, 'बॉस, हातातला ग्लास बघ. अख्खा मॉरिशस या उसावर उभा राहिलाय!'

१८३४ पासून गिरमिटिया मजूर म्हणून भारतीय तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यात आपली कोकणातली माणसंही होती. आज तिथे गणेश चतुर्थीला चक्क सरकारी सुट्टी असते!

देश केवढा? साधारण २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या पुणे जिल्ह्याच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. तेलविहिरी नाहीत. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा निर्यातीची जवळपास सगळी मदार साखरेवर. १९७५ पासून युरोप ठरलेल्या कोट्यात चढ्या भावानं साखर घ्यायचा. २००६ नंतर तो भाव टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के उतरला, २००९ मध्ये करारच संपला.

तरी देश तरला. कारण १९७० पासूनच त्यानं कापड उद्योग, मग पर्यटन आणि फायनान्स असे जोडधंदे उभे केले होते. उसाच्या चिपाडापासून वीजही होते.

पण समुद्र? २०२० मध्ये 'वाकाशिओ' जहाज प्रवाळावर अडकलं, सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा लोकांनी कापडात उसाचं पाचट भरून तरंगते बांध शिवले. पुन्हा ऊसच धावून आला!

मित्राला एवढंच म्हटलं, 'ज्या बीचवर लोळशील ना, ती त्या देशाची एफडी आहे. सांभाळून!'