सात दिवे आणि ओरलें घर

१२ मार्च २०००. उपवासकाळाचा पहिला रविवार. रोमच्या संत पीटर बॅसिलिकात जांभळ्या वस्त्रांतले पोप दुसरे जॉन पॉल प्रार्थनेला उभे होते. वय ७९, कंपवाताने शरीर थकलेले. समोर एक जुना लाकडी क्रूस होता, सान मार्चेल्लो चर्चमधून मुद्दाम आणलेला. १५१९च्या आगीत ते चर्च जळाले, क्रूस वाचला. १५२२च्या प्लेगात रोमकरांनी तो रस्त्यारस्त्यांतून मिरवला. तेव्हापासून शहरावर काही ओढवले की रोम या क्रूसापुढे गुडघे टेकते. या वेळी मात्र गाऱ्हाणे स्वतःविरुद्धचेच होते.

विधी साधा होता. एकेक कार्डिनल वा आर्चबिशप पुढे येई, एका पापाचा उच्चार करी. क्षणभर शांतता. मग पोप प्रार्थना करीत, गायकवृंद ‘प्रभो, दया कर’ असे ग्रीक शब्दांत आळवी आणि क्रूसासमोर एक दिवा लागे. असे सात दिवे. पहिली कबुली पापांची सर्वसाधारण. ती बेनिनच्या गांतिन यांनी उच्चारली, म्हणजे ज्या किनाऱ्यावरून गुलामांची जहाजे सुटत तिथल्या माणसाने. ऐक्यभंग, यहुदी लोकांशी वर्तन, इतर संस्कृती व धर्म यांचा अवमान, स्त्रिया, माणसाचे मूलभूत हक्क, असे विषय पुढे येत गेले. शेवटची कबुली व्हिएतनामच्या वॅन थुआन यांची. कम्युनिस्ट राजवटीच्या कैदेत १३ वर्षे काढलेल्या या धर्मगुरूने हक्कांच्या पायमल्लीबद्दल बोलावे, यात योगायोग कमी आणि योजना जास्त असावी.

मला सगळ्यात जास्त थांबवते ती दुसरी कबुली. ती कार्डिनल राट्झिंगर यांनी वाचली. सत्याच्या रक्षणासाठी चर्चच्या माणसांनी शुभवर्तमानाला न शोभणारे मार्ग वापरले, असा तिचा आशय. राट्झिंगर तेव्हा ज्या खात्याचे प्रमुख होते, ते १५४२ साली स्थापन झालेल्या रोमन इन्क्विझिशनचाच, म्हणजे धर्मन्यायालयाचाच, वारस. खुर्ची तीच, वाचणारा हात जोडून उभा.

हे सहजासहजी घडले नव्हते. नव्या सहस्रकाचा उंबरा ओलांडण्यापूर्वी चर्चने आपली स्मृती धुऊन घ्यावी, ही कल्पना पोपनी १९९४मध्ये मांडली तेव्हा काही कार्डिनलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बोलोन्याच्या बिफ्फींनी तर लेखी शंका घेतल्या. पोपचा आग्रह असा की आधी खरे काय घडले ते इतिहासकारांनी सांगावे, मग क्षमा मागू. म्हणून १९९८च्या जानेवारीत राट्झिंगर यांच्या खात्याचे दप्तर अभ्यासकांना खुले झाले आणि ऑक्टोबरात व्हॅटिकनमध्येच इन्क्विझिशनवर परिसंवाद भरला. पापनिवेदनाला बसण्याआधी विश्वासी माणूस आपले मन तपासतो, तोच क्रम इथे एका संस्थेने पाळला.

तरी या प्रार्थनेच्या व्याकरणात एक गोम आहे. सोबत प्रसिद्ध झालेल्या ईशशास्त्रीय टिपणानुसार पाप चर्चच्या लेकरांनी केले. चर्च स्वतः पवित्रच राहते. देवापुढे आपले दोष सांगणे मराठी वाचकाला नवे नाही, तुकोबांच्या गाथेत ते पानोपानी आहे. पण तिथे कबूल करणारा एकटा माणूस असतो आणि त्याला लेकरांच्या आड उभे राहता येत नाही.

आणि ही लेकरे कुठली, कुठल्या गावची? गोव्याचे नाव त्या सात प्रार्थनांत नव्हते. चारच महिने आधी, नोव्हेंबर १९९९मध्ये, पोप दिल्लीला आले तेव्हा काही हिंदू संघटनांनी गोव्यातील इन्क्विझिशनच्या छळाबद्दल माफीची मागणी केली होती. त्या मागणीत राजकारण होते, हे उघडच. तेवढ्याने प्रश्न खोटा ठरत नाही.

गोव्याचे इन्क्विझिशन १५६०चे. १७७४मध्ये बंद, १७७८मध्ये पुन्हा सुरू, १८१२मध्ये कायमचे संपले. ते रोमचे नव्हे, पोर्तुगीज व्यवस्थेचे होते, असा बचाव केला जातो. त्यात तथ्य आहे, दिलासा नाही. जुन्या गोव्यातल्या त्याच्या वाड्याला लोक ‘ओरलें घर’ म्हणत, मोठे घर. आज त्या वाड्याचा मागमूस नाही. गोव्यातले बहुतेक दप्तरही नष्ट झाले. लिस्बनला गेलेला पत्रव्यवहार मात्र उरला. अ. का. प्रियोळकरांनी १९६१मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहून हा विषय मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ठेवला.

प्रियोळकरांनी दिलेला इन्क्विझिशनचा १७३६चा जाहीरनामा वाचावा. मिठाशिवाय भात शिजवू नये, अंगणात तुळस लावू नये, लग्नात नवरा-नवरीला हळद, नारळाचे तेल वगैरे चोळू नये. ही बंदी बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होती. हिंदूंनाही या न्यायालयाचा जाच झाला; पण त्याचा मुख्य अधिकार चालत असे तो ख्रिस्ती झालेल्यांवर, आधी यहुदी मुळाच्या नवख्रिस्त्यांवर, मग इथल्या बाटलेल्यांवर. म्हणजे गोव्यापुरते बोलायचे तर ज्यांची क्षमा मागायची त्यांचे वंशज रविवारी त्याच चर्चच्या बाकांवर बसलेले आहेत. रोमच्या वादात आणि दिल्लीच्या घोषणांत ही गोष्ट दोन्हीकडून निसटली.

रोममधल्या त्या रविवारनंतर चौदा दिवसांनी, २६ मार्चला, पोप जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी गेले आणि दगडांच्या फटीत एक कागद ठेवला. त्यावर यहुद्यांविषयीच्या कबुलीतलीच प्रार्थना होती, खाली सही. पुढे तो कागद याद वाशेम स्मारकात जपला गेला. बॅसिलिकात देवाला सांगितलेले शब्द त्या दिवशी ज्यांचे होते त्यांच्या दाराशी पोचले. इतर सहा दिव्यांचे शब्द त्या वेळी असे चालत कुठे गेले नाहीत. त्यांचा पत्ता शोधायचा तर पुन्हा दप्तरेच उघडावी लागतील, आणि गोव्याच्या बाबतीत दप्तरांइतकीच घरेही.

कारण १७३६च्या त्या जाहीरनाम्याने बंद केलेले सगळे संपले नाही. गोव्यातल्या कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी आजही ‘रोस’ होतो. वधूवरांना नारळाचा रस चोळतात, बायका ‘वेर्स’ ही गाणी गातात, आणि आधी सगळे मिळून प्रार्थना करतात.